त्रुटींची तयारी

सुरक्षिततेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माणूस. जिना स्वतःहून कधी पडत नाही, माणूस पडतो. ओली फरशी आपल्या जागी गुपचूप ओली असते, तिच्यावर पाय द्यायला माणूसच जातो. वृद्धसदनांची तपासणी करणाऱ्या खात्याला हे फार पूर्वीच कळलेले असल्यामुळे त्याच्या लेखी आदर्श वृद्धसदन म्हणजे पलंग आहेत, कठडे आहेत, आग विझवायचे लाल नळकांडे आहे, वृद्ध तेवढे नाहीत. (असे खात्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. चांगल्या गोष्टी लिहाव्या लागत नाहीत.)

या कथेतले वृद्धसदन त्या आदर्शाच्या बरेच जवळ पोचले होते. मागच्या तपासणीत त्याला 'उत्तम' मिळाले, कारण तपासनीस आले तेव्हा झाडून सगळे झोपलेले होते. 'वातावरण शांत, रहिवासी समाधानी,' असा शेरा पडला. यंदा मात्र खात्याने नव्या तपासनीस बाई नेमल्या होत्या आणि त्यांनी आल्या आल्या दोन सदनांना कुलूप ठोकल्याची बातमी होती.

या बातमीने सर्वांत जास्त धसका घेतला तो कोपऱ्यातल्या खोलीतल्या थोरलीने. त्या खोलीत दोघी सख्ख्या बहिणी राहत. थोरलीचे गुडघे गेलेले, धाकटीची नजर गेलेली. थोरली चाकाच्या खुर्चीत बसे, धाकटी मागून ढकले, आणि थोरली सांगे, "डावीकडे घे. डावीकडे म्हटलं ना, गाढवे, ती भिंत आहे." अशा रीतीने दोघींचे मिळून एक धडधाकट माणूस तयार होई आणि ते दिवसभर सदनात हिंडे. सदन बंद झाले तर न चालणाऱ्यांची रवानगी एका गावाला आणि न दिसणाऱ्यांची दुसऱ्या गावाला होणार, असा नियम होता. म्हणजे डोळे एकीकडे, पाय दुसरीकडे. नियमात माणसाचे दोन तुकडे करू नयेत असे कलम आहे, पण ते एकाच माणसाला लागू होते.

सदन चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. (त्या पन्नाशीच्या, त्यांना मावशी म्हणणारी भाचरे ऐंशीच्या पुढची.) मावशींनी सल्ल्याला हेडक्लार्कना बोलावले. हे सदनातले सर्वांत अनुभवी आजोबा. सरकारी कचेरीत त्यांची सगळी हयात साहेबलोकांच्या तपासण्या पार पाडण्यात गेली होती.

"मावशी, तपासनिसाला चूक सापडलीच पाहिजे," हेडक्लार्क म्हणाले. "नाही सापडली तर तो खोलात शिरतो. आणि आपल्या खोलात काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मावशींना ठाऊक होते. गच्चीवरची टाकी होती, मागचा जिना होता, शिवाय स्वयंपाकघरातला तो एक नळ होता.

"म्हणून दोनतीन ठसठशीत, निरुपद्रवी त्रुटी दारातच मांडून ठेवायच्या. पाहुण्याला आल्याबरोबर पाणी देतो तशा. पाहुणा तृप्त होतो, आत येत नाही."

ठरले. एका कचऱ्याच्या बादलीचे झाकण काढायचे, व्हरांड्यातला एक दिवा सैल करायचा आणि जेवणघरात गेल्या वर्षीची दिनदर्शिका लावायची. बैठक अत्यंत गुप्त होती. फक्त हेडक्लार्कना कमी ऐकू येत असल्यामुळे ती त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात झाली, म्हणजे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली.

आणि सदनात चैतन्य पसरले. ज्या लोकांना वर्षानुवर्षे 'तुम्ही बसा हो, आम्ही करतो' याखेरीज काही ऐकायला मिळाले नव्हते, त्यांना कळले की संस्थेला चुका हव्या आहेत. चुका करण्यात तर त्यांचा हातखंडा होता! घरी सुनांनी आणि जावयांनी या गुणाबद्दलच त्यांना नावाजले होते. प्रत्येकाने मनाशी ठरवले, आपणही एक द्यायची. मावशींना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून कोणी कोणाला सांगितले नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मांडण्यात आलेल्या त्रुटींपैकी काही अशा: निवृत्त पोस्टमनने सगळ्या खोल्यांच्या क्रमांकाच्या पाट्या आपसांत बदलल्या. (तीस वर्षे मनात दाबून ठेवलेली हौस.) लाल नळकांड्यावर कोणाचा तरी परकर वाळत पडला. फुलदाणीत कवळी सापडली आणि पुढे दोघांनी तिच्यावर हक्क सांगितला. एका माजी मुख्याध्यापिकेने सुंदर अक्षरात 'येथे बसू नये' अशा पाट्या लिहून एकूण एक खुर्च्यांना बांधल्या. एका आजोबांना काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी स्वतःच त्रुटी व्हायचे ठरवले आणि ते जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसले.

"आपण काय करायचं गं?" धाकटीने विचारले.

"आपण रोज करतो तेच नियमाबाहेर आहे," थोरली म्हणाली.

"मग जरा जोरात करूया!"

तपासनीस बाई आल्या. बिनझाकणाची बादली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर हरवलेले बाळ सापडल्यासारखे हसू फुलले. सैल दिव्यापाशी त्या समाधानाने थांबल्या. मावशींनी सुटकेचा श्वास टाकला, तो अर्धाच टाकून झाला असेल तोच बाईंनी परकर उचलला. तिथून पुढे सगळा पूरच लोटला. बाई लिहीत होत्या, घाम पुशीत होत्या, टेकायला खुर्ची शोधत होत्या आणि प्रत्येक खुर्ची त्यांना बसू नये म्हणून बजावत होती. कायदा पाळणारी बाई, उभीच राहिली. टेबलाखालून आवाज आला, "मलाही घ्या लिहून."

इतक्यात व्हरांड्याच्या उतारावरून खुर्ची सुटली.

"उजवीकडे! अगं उजवीकडे!"

"तुझं उजवं की माझं?"

"दोघींचं एकच आहे, गाढवे! ब्रेक दाब!"

"ब्रेक तुझ्याकडे आहे!"

तपासनीस बाई बाजूला झाल्या, पण त्याच बाजूला धाकटीही झाली. पुढच्या क्षणी बाई थोरलीच्या मांडीवर होत्या आणि खुर्ची जेवणघराकडे निघाली होती.

"वजन कसं वाढलं गं एकदम?" धाकटी मागून धापा टाकत म्हणाली. "बसल्या बसल्या काय खाल्लंस?"

"खात्याची बाई," थोरली म्हणाली. "तू ढकल."

सदन हसले. लवून, वाकून, एकमेकांना धरून हसले. तपासनीस बाईही हसल्या, आणि मग प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी ते हसू ध्वनिप्रदूषणाच्या सदरात नोंदवले.

निकाल आठवडाभरात आला. त्यात सदनाला नापास केलेले नव्हते. बाईंनी शुद्ध तर्काने लिहिले होते की जे पाट्या बदलतात, टेबलाखाली शिरतात आणि उतारावर शर्यती लावतात, त्यांना काळजीची गरज नाही. गरज नसलेल्यांची काळजी घेणे हा सेवेचा अपव्यय आहे. शेरा असा: 'इमारत बरी. रहिवासी अपेक्षेपेक्षा जिवंत. सबब त्यांना आपापल्या घरी परत पाठवावे. मात्र तत्पूर्वी नातेवाइकांनी घर सुरक्षित असल्याची खात्री द्यावी.' बाईंना वाटले, आपण किती गोड बातमी दिली.

कोपऱ्यातल्या खोलीत त्या संध्याकाळी कोणी कोणाला गाढव म्हटले नाही. थोरलीला मुलाकडे जावे लागणार होते, धाकटीला पुतण्याकडे. पुन्हा दोन गावे.

"तुझा मुलगा चांगला आहे," धाकटी म्हणाली. "तो नेईल बघ."

"चांगला आहे ना, तीच भीती आहे."

परंतु समाजावर एवढा अविश्वास बरा नव्हे. खात्याला जे साधले नव्हते ते नातेवाइकांनी करून दाखवले. ज्या घरांत त्यांची मुलेबाळे, कुत्री आणि काचेची कपाटे सुखाने नांदत होती, त्या घरांची त्यांनी स्वतःहून अशी कडक तपासणी केली, की कोणाचा उंबरा प्राणघातक निघाला, कोणाच्या खिडकीतून अतोनात वारा. एका जावयाने तर आपला स्वभावच धोकादायक असल्याचे कळवले. शंभर टक्के घरे नापास झाली. एवढा एकमताचा निकाल खात्याने बापजन्मात पाहिला नव्हता.

थोरलीच्या मुलाचा फोन मावशींनी स्पीकरवर लावला.

"आई, तुला आणायला मी एका पायावर तयार आहे. पण घर नीट बघितलं गं, धोका आहे. जिन्याला कठडा नाही."

"कठडा तूच काढलास. सोफा वर जाईना म्हणून."

"तेच तर म्हणतो. शिवाय न्हाणीघराची फरशी निसरडी."

"तिच्यावर तू चालायला शिकलास, बाळा."

"म्हणून तर सांगतोय! किती वेळा पडलो होतो मी!"

ते घर थोरलीने शिवणयंत्रावर बांधले होते. एकेक खोली लोकांच्या पोलक्यांतून निघाली होती. ती फरशी तिने स्वतः बघून घेतली होती, निसरडी नाही ना म्हणून चारचारदा पाय घासून.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "नापास कर घर."

"चालेल तुला? नक्की?"

"कर म्हणते ना. आणि जेवत जा वेळेवर."

फोन बंद झाला. "नापास!" थोरलीने जाहीर केले, आणि धाकटीने टाळ्या पिटल्या. मग धाकटीचे हात मध्येच थांबले.

"हसतेस की रडतेस गं? आवाज एकच येतोय."

"तू ढकल," थोरली म्हणाली. "समोर मोकळं आहे."

खाते आता पुढचे पाऊल उचलत आहे. शंभर टक्के घरे धोकादायक म्हणजे प्रश्न गंभीर. तेव्हा घरोघरी तपासणी होणार आहे. तुम्ही मात्र घाबरू नका. हे वाचत असताना आतल्या खोलीतून कोणी हाक मारली का? खोकले? मोठ्याने काय वाचतोस म्हणून विचारले? नाही ना? मग तुमच्याकडे कोणी येणार नाही. तुमचे घर आधीच पास आहे.