वायाळभाऊंचं 'समजा'

वायाळभाऊ शिक्का उचलायचे आणि तो कागदावर टेकेपर्यंत कुठंतरी लांब फिरून यायचे. हात हवेत, शिक्का हवेत, डोळे खिडकीबाहेरच्या कडुनिंबात, आणि समोर अर्ज धरून उभा असलेला माणूस एकदा शिक्क्याकडे बघतोय, एकदा भाऊंकडे. नवखा माणूस घाबरायचा. यांना काही झटका-बिटका आला की काय! मग मी माझ्या टेबलावरून ओरडायचे, "भाऊ, उतरवा!" की शिक्का धप्पकन खाली. तारीख, नंबर, सही, सगळं बिनचूक. वर भाऊ असे गोड हसायचे, की समोरच्याची तक्रार घशातच राहायची.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ऑफिस. नाव सांगत नाही, उगाच मलाच नोटीस यायची. मी आस्थापनेच्या टेबलाला, म्हणजे सगळ्यांची सेवापुस्तकं, रजा, पेन्शनचे कागद माझ्याकडे. वायाळभाऊ आवक-जावकला. ऑफिसात आलेला आणि ऑफिसातून गेलेला प्रत्येक कागद त्यांच्या वहीत नंबर घेऊनच हलायचा. भाऊ रोज बीबी गावाहून एसटीनं यायचे. घरात एकटे. लग्न राहून गेलं ते गेलंच. "काऊन नाई केलं भाऊ?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "करू करू म्हनता म्हनता थे पोरीवाले थकून गेले."

त्यांचा शब्द एकच. समजा.

"समजा ना ताई, आपण रिटायर झालो. सकाळ झाली. गाडीचा हारन वाजला. वाजू द्या! आपण पांघरूनातच. डायव्हर दोन मिनटं थांबला, म्हने वायाळभाऊ काऊन नाई आले? गेला बिचारा. मग आपण उठलो. चहा ठेवला. चहा उकळून राह्यला, आपण त्याच्याकडं पाहून राह्यलो. कोनाले घाई आहे?"

"भाऊ, साहेबांनी टपाल मागितलंय."

"देतो ना. मग समजा, शेगावले गेलो. दर्शनाची रांग ही एवढी! आपण मागच्याले म्हनतो, जा बापा तू पुढं. त्याच्या मागच्याले म्हनतो, तूही जा. दिवसभर रांगेतच. मग टेसनावर जाऊन बसतो. गाड्या येऊन राह्यल्या, जाऊन राह्यल्या. आपल्याले एकही धरायची नाई."

हे असं ते बोलायला लागले की खरं सांगते, हातातली फाईल मांडीवर यायची. पंख्याचा आवाज लांब जायचा. मी तशी तापट बाई, माझा आवाज चढला की रस्त्यापलीकडचा चहावाला गॅस बारीक करतो. पण मीही त्या फलाटावर जाऊन बसायचे आणि गाड्या बघत राहायचे. भान आलं की मला स्वतःचाच राग यायचा आणि तो मी भाऊंवर काढायचे.

मात्र वहीच्या बाबतीत हा स्वप्नाळू माणूस दगड होता. जावक नंबर दिल्याशिवाय कागद बाहेर नाही म्हणजे नाही. एकदा साहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका शिपायाबरोबर निघाल्या होत्या, भाऊंनी त्या दारात अडवल्या. "खासगी आहेत हो," शिपाई म्हणाला. "खासगी असो का सरकारी, दारातून तर जाऊन राह्यल्या ना?" शेवटी साहेब स्वतः आले आणि पिशवी खिडकीतून बाहेर दिली.

त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तेव्हा मी पेन्शनचे कागद काढले. त्यात नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो. भाऊंना म्हटलं, तुमचा एकट्याचाच आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन प्रती आणल्या. फोटोत भाऊ डाव्या कडेला, अंग चोरून बसलेले, आणि उजवीकडे नुसता निळा पडदा.

"हे काय हो?"

"फोटोवाला म्हने मधात बसा. मी म्हनलं, नमुन्यात दोघायची जागा आहे. समजा, राहू दे रिकामी."

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. घरी गेल्यावर मात्र तो निळा पडदा काही डोळ्यांपुढून हलेना.

मग त्यांच्या निवृत्तीच्याच वर्षी, मार्चमध्ये संप आला. राज्यभर, बेमुदत. मागणी जुन्या पेन्शनची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एका ठरलेल्या तारखेआधी जे नोकरीला लागले, त्यांना म्हातारपणी सरकार दर महिन्याला ठरलेली पेन्शन देतं. त्या तारखेनंतर लागलेल्यांचे पैसे मात्र बाजारात, बाजार चढला तर चढले, पडला तर पडले. भाऊ आधीचे, मी नंतरची. नंतरची म्हणजे किती? तीन दिवस! माझ्या नेमणुकीच्या आदेशावर जिल्ह्याच्या साहेबाची सही वेळेतली होती, पण तो टपालानं खामगावला माझ्या माहेरी पोचला दिवाळीनंतर. तोवर तारीख उलटली होती. त्या पोस्टमनला मी अठरा वर्षं शिव्या दिल्या. दिवाळीला पोस्त मागायला आला होता मेला, आणि मी त्याला लाडू दिले होते.

ऑफिससमोर मांडव पडला, सतरंज्या आल्या, आणि पहिल्याच दिवशी वायाळभाऊ डबा घेऊन पुढच्या रांगेत हजर. दुपारी ऊन मी म्हणायला लागलं की घोषणा मंदावायच्या, मग कुणीतरी म्हणायचं, "भाऊ, होऊ द्या एक समजा." आणि भाऊ सुरू करायचे. पेन्शन न मिळणारे आम्ही तीस-चाळीस जण डोळे मिटून त्यांची पेन्शन ऐकायचो. कडुनिंबाची बारीक फुलं अंगावर पडत राहायची. कुणाचा मोबाइलसुद्धा वाजत नव्हता की काय, कोण जाणे. मधेच पुढाऱ्याला जाग यायची, तो उठून ओरडायचा, "पेन्शन आमच्या हक्काची!" आम्ही म्हणायचो, "नाही कुणाच्या बापाची!" आणि सगळं शांत झाल्यावर, शेगावच्या फलाटावरून परत आलेले भाऊ एकटेच हात वर करून म्हणायचे, "नाही कुणाच्या बापाची!"

चौथ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. संपातले दिवस सेवेत खंड धरले जातील. आणि भाऊ तर त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होणार! सेवेत खंड म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीची माळ शेवटच्या मण्याशी तुटायची. पेन्शन अडकली असती, वर्ष लागलं असतं की चार, देव जाणे. सगळ्यांनी सांगितलं, "भाऊ, तुम्ही आत जा, मस्टरवर सही करा. कोणी वाईट मानणार नाही." पुढाऱ्यानंही सांगितलं.

भाऊ म्हणाले, "समजा, गेलो आत. रिकाम्या ऑफिसात बोलू कोनासंगं?"

माझं डोकं फिरलं. मी त्यांना हाताला धरून लिंबाच्या पलीकडे नेलं आणि चांगलं झापलं. "ही काय चेष्टा आहे? तुमची पेन्शन पक्की, तुम्हाला या संपात मिळवायचंय काय? आहे ते घालवून बसाल! म्हातारपणी कोण आहे तुमचं? फोटोत एक माणूस बसवता आला नाही तुम्हाला!"

बोलले आणि जीभ चावली. पण भाऊ तिकडं लक्षच देत नव्हते. पहिल्यांदाच ते लिंबाकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"ताई, तुमची आर्डर पोस्टमननं नाई अडवली," ते म्हणाले. "मी अडवली."

मला कळेचना.

"मी तवा बुलढान्याले, जिल्ह्याच्या ऑफिसात जावकले होतो. तुमच्या आर्डरवर सही झाली अन् माझी वही भरली. शेवटच्या पानाची शेवटची ओळ संपली होती. नवी वही होती, पण तिच्यावर पानं मोजल्याचा दाखला लागतो. या वहीत इतकी पानं आहेत, खाली साहेबाची सही. अन् साहेब दिवाळीच्या सुट्टीवर. लोक म्हने, वहीच्या गत्त्यावर लिहा, मागच्या पानाले चिठ्ठी जोडा. मी म्हनलं, बिनादाखल्याच्या वहीत नंबर पडनार नाई. चार दिवस तुमची आर्डर माझ्या टेबलाच्या खनात होती. साहेब आले, सही झाली, नव्या वहीची पहिली ओळ तुमच्या नावाची. मले काय मालूम ताई, त्या चार दिसात काय जाऊन राह्यलं! तुम्ही बदलीवर इथं आल्या अन् नाव आयकलं, तवा समजलं. सांगीन सांगीन म्हनलं. तुमचा राग पाहून हिंमत नाई झाली. आता तुम्ही बाहेर बसल्या अन् मी आत जाऊ?"

एवढं सरळ बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी ओरडायला हवं होतं. अठरा वर्षांचं ओरडणं साठलं होतं की! पण मी पर्स उचलली आणि घरी गेले. रात्री नवऱ्याला सांगितलं आणि खूप रडले. राग कशाचा होता सांगू का? लबाडी केली असती, कुणाचे पैसे खाल्ले असते, तर शिव्या तरी देता आल्या असत्या. माझं म्हातारपण त्यांनी नियमानं घालवलं होतं.

दोन-तीन दिवसांत संप मिटला. सरकारनं आश्वासन दिलं, संपाचे दिवस पुढं रजेत धरले गेले. भाऊंच्या सेवेत खंड पडला नाही. त्यांचं पेन्शन प्रकरण मी नीट तपासून वेळेत पाठवलं, एक कागद कमी पडू दिला नाही. पण त्यांच्याशी बोलले नाही. निरोप समारंभाच्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली. शाल कुणी दिली, भाषण काय झालं, मी विचारलंही नाही. नवा मुलगा त्यांच्या खुर्चीवर बसला. तो शिक्के भराभर मारतो, आणि दुपारी ऑफिसात पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही.

आश्वासनाचं जे व्हायचं ते झालं. पुन्हा आंदोलन निघालं, बुलढाण्याला धरणं धरायचं ठरलं. आम्ही मैदानात सतरंजीवर बसलो होतो. बघते तर गर्दीतून वायाळभाऊ येतायत. बारीक झालेले. दाढीचे खुंट पांढरे. हातात डबा. माझ्यापासून चार पावलांवर येऊन उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

"तुम्ही कशाला आलात?" मी खेकसलेच. "तुम्हाला मिळाली ना पेन्शन?"

"मले मिळाली ना," ते म्हणाले. "तुम्हाले कुठं मिळाली?"

मी सतरंजीची कड नीट करायला लागले.

"घरी करमत नाई ताई. दर महिन्याले पेन्शन येते अन् तुमची आठवन येते. तुम्हाले मिळेपर्यंत येत जाईन मी. नाई म्हनसान, तर पल्याडच्या सतरंजीवर बसतो."

इतक्या महिन्यांत मी त्यांना सुनवायला किती वाक्यं मनात घोटून ठेवली होती! एकही आठवेना.

"इथंच बसा," मी म्हटलं, आणि सरकून त्यांना जागा करून दिली.