पहिल्या गोलाला धनी मिळेना

अकराव्या पानावरच्या तिसऱ्या वाक्याशी ऑर्विल मॅकटाविश अडला, आणि अडला तो असा की स्वयंपाकघरातल्या टेबलावरून उठेना आणि नोरीनला बटाटे सोलायला जागा मिळेना.

वाक्य साधेच होते. 'टॅमरॅक बे लून्स या संघाचा पहिला गोल डेलफीन ब्यूसोले हिने केला.' गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते. बायकांचा हा बर्फावरच्या, चेंडूऐवजी चकतीने खेळायच्या हॉकीचा संघ पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने निघाला, पुढे पगारी झाला, आणि यंदा त्याचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध व्हायचा होता. ते काम ऑर्विलकडे आले, कारण चाळीस वर्षे सरकारी जमीनमोजणीत घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला हद्दीचा दगड वीतभर सरकलेला दिसला तरी अन्न गोड लागत नसे. गोल झाला, ठीक. पण कसा झाला, कोठून झाला, हे सांगितल्यावाचून पुढच्या वाक्याकडे जाणे त्याच्या मते लेखकाला शोभत नव्हते.

"नोरीन, त्या सामन्यात तूच होतीस ना गोलरक्षक?"

"होते."

"मग सांग, मी तेव्हा मोजणीच्या दौऱ्यावर होतो. डेलफीनचा तो पहिला गोल नेमका कसा झाला?"

"चकती आत गेली. गोल झाला." नोरीनने बटाट्याचा डोळा सुरीने जरा जास्तच खोल काढला. "टेबल सोड आता."

"आत गेली हे मलाही कळतं गं! कशी गेली ते विचारतोय."

"सरळ गेली. उठतोस का?"

गेले तीन आठवडे तो विचारीत होता आणि गेले तीन आठवडे तिचे उत्तर याच मापाचे येत होते. नोरीन मुळातच मितभाषी. लग्नात पाद्रीबाबांनी तिला 'कबूल आहे का' हे तीनदा विचारले होते, कारण पहिले दोन होकार पहिल्या बाकापर्यंतही पोहोचले नव्हते. पण मौन आणि लपवाछपवी यांत फरक असतो आणि तो ओळखण्याइतका ऑर्विलचा संसार जुना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संघाच्या कचेरीत गेला. तिथली व्यवस्थापिका ग्वेन पाव्हलिक हिने खोक्याच्या तळातून त्या सामन्याचे मूळ पत्रक काढून दिले. ऑर्विलने चष्मा पुसला. गोलांच्या रकान्यात लिहिले होते: सात मिनिटे बेचाळीस सेकंद, क्रमांक सतरा. सतरा म्हणजे डेलफीन, हे ठीक. शेजारी शिक्षांच्या रकान्यात लिहिले होते: प्रतिस्पर्ध्याला काठीने पाय अडकवून पाडणे, सात मिनिटे बेचाळीस सेकंद, क्रमांक सतरा.

"ग्वेन, एकच बाई एकाच सेकंदाला एकीला पाडते आणि गोलही करते, हे कसं?"

"चपळ असेल हो, मिस्टर मॅक! पान शुक्रवारी छापखान्यात जायला हवं, एवढं बघा. आणि शनिवारी सामना सुरू करायची मानाची चकती मैदानात डेलफीनच टाकणार आहे, तेव्हा तिला उगाच पिडू नका."

'पिडू नका' हे शब्द ऑर्विलच्या कानांवर पडले, पण आत शिरले नाहीत.

डेलफीनचे स्केटच्या पात्यांना धार लावायचे दुकान होते. तिने चाक थांबवले, कपाळावरचा घाम पुसला, आणि नेहमीची गोष्ट सुरू केली: दोघींना चकवले, मनगट वळवले, आणि चकती जाळीत. ऑर्विलने खिशातून कात्रणे काढली. "पाच वर्षांच्या समारंभात एकीला चकवलं होतंस. दहाव्याला दोघींना. विसाव्या वर्षी तिघी झाल्या आणि तू अर्ध्या मैदानातून मारलास. आज परत दोघी. मला मोजमाप पक्कं लागतं, डेलफीन."

 डेलफीनने दुकानाचे दार आतून लावून घेतले.

"मिस्टर मॅक, पंचांचा हात वर गेलेला बघून मी आधीच शिक्षा भोगायच्या पेटीकडे निघाले होते. पाठ होती माझी. बघितलासुद्धा नाही मी तो गोल!"

मग उलगडा झाला तो असा. डेलफीनने समोरच्या, कॉपर लेक गावच्या संघातल्या एका मुलीला पाडले, पंचांनी हात वर केला. चकती कॉपर लेककडेच असल्याने खेळ थांबला नाही; लून्सनी चकतीचा ताबा घेताच तो थांबणार होता, म्हणजे तोवर कॉपर लेकच्या गोलाला धोका नव्हता. अशा वेळी सगळे करतात तेच कॉपर लेकने केले: आपल्या गोलरक्षकाला बाहेर बोलावून एक जादा खेळाडू हल्ल्याला उतरवली. त्यांनी फटका मारला, तो नोरीनच्या अंगावर आपटून परत फिरला (नुसते आपटणे म्हणजे ताबा नव्हे), आणि त्यांच्याच आयला लेहटोनेन नावाच्या पोरीने चकती मागे असलेल्या मैत्रिणीकडे ढकलली. मैत्रीण तिथे नव्हती. चकती सावकाश, कोणालाही घाई नसल्यासारखी, सगळे मैदान ओलांडून कॉपर लेकच्या रिकाम्या जाळीत जाऊन निजली. नियम असा की अशा गोलाचे श्रेय चकतीला शेवटचा स्पर्श करणाऱ्या लून्सच्या खेळाडूला मिळते.

"म्हणजे..." ऑर्विल कात्रणे खिशात कोंबू लागला.

"म्हणजे तुमच्या घरची! पंच पेटीपाशी येऊन ओरडले, 'सतरा, पाय अडकवला!' पत्रक लिहिणारा बापडा आनंदाने नाचत होता, त्याने दोन्ही रकान्यांत सतरा ठोकून दिलं. भोंग्यावरून माझं नाव गेलं, आणि बघायला आलेल्या मूठभर लोकांनी तेच खरं धरलं. मी सांगायला निघाले, तर नोरीनने कपडे बदलायच्या खोलीत माझी कॉलर धरली. 'घोषणा झालीय ना? मग गोल तुझा. तोंड उघडलंस तर याद राख.' तेव्हापासून दर वर्षी मी चारशे लोकांपुढे भाषण ठोकतेय. थकले हो! लिहा तुम्ही, देवाशपथ लिहा. मी शनिवारी येत नाही, आत्ताच ग्वेनला कळवते."

ऑर्विल घरी आला तो विजयी मुद्रेने. नोरीनने त्याचा चेहरा पाहताच हातातला डाव खाली ठेवला.

"बोलली ना ती भवानी?"

"नोरीन, संघाचा पहिला गोल तुझा आहे! गोलरक्षकाचा! असा प्रकार शंभर सामन्यांत एकदा घडत नाही!"

"आणि तो छापलास की दर ऑक्टोबरात, हंगामाच्या पहिल्या सामन्याला, मला बर्फावरच्या त्या गालिच्यावर उभं करतील. हातात ते बोलायचं यंत्र देतील. मी मुखवटा घालून गोलात का उभी राहिले असेन, विचार कर जरा!"

"पण सत्य..."

"सत्य छाप. खुशाल छाप. मी हिवाळाभर बहिणीकडे जाते. जेवायला सत्य वाढून घे."

वादविवादात ऑर्विल सहसा हरत नसे. पण प्रतिपक्ष युक्तिवादाऐवजी बॅग काढू लागला की तर्कशास्त्राची गत मोठी केविलवाणी होते. त्याने कागद पुढे ओढला. डेलफीनचे नाव लिहिणे म्हणजे खोटेपणा. नोरीनचे लिहिणे म्हणजे वनवास. 'पहिला गोल झाला' एवढेच लिहिणे म्हणजे भ्याडपणा. शिवाय ते वाक्य फार पांगळे. तेवढ्यात फोन खणखणला.

"मिस्टर मॅक, काय करून ठेवलंत हो?" ग्वेनचा आवाज चिरकला होता. "डेलफीन म्हणते गोल तिचा नाही, जीव गेला तरी येणार नाही. कोणाचा ते विचारलं तर म्हणते नोरीनला विचार. मघाशी नोरीनला फोन केला तर तिने नुसता ऐकला आणि ठेवला! शनिवारी दुपारी दोनला सामना. पहिल्या गोलाची चकती टाकणार कोण, मी?"

"ज्या हाताने चकती ढकलली तो हात टाकील," ऑर्विल म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच कळले की हे उत्तर आहे.

आयला लेहटोनेन आता कॉपर लेकमध्ये शाळेची बस चालवीत असे. फोनवर त्याने संघाचे नाव घेतले.

"पंचवीस वर्षं झाली," ती म्हणाली. "अजून कोणी राहिलंय का हसायचं? इथे मी दुकानात शिरले तरी लोक म्हणतात, आयला, मागे बघून ढकल गं."

"बाई, आम्हाला तुमचा सत्कार करायचा आहे."

"चेष्टा करता?"

"मी चेष्टा करीत नाही. माझ्या बायकोला विचारा."

अकरावे पान शुक्रवारी गेले. त्यात आयलाचे नाव होते, नियम होता, मिनिटे आणि सेकंद होते; श्रेय मात्र 'चकतीला शेवटचा स्पर्श करणाऱ्या लून्सच्या खेळाडूला' होते. नाव घालायचे नाही या अटीवर बहिणीकडे निघालेली बॅग परत कपाटात गेली होती. ऑर्विलच्या आयुष्यातले हे पहिलेच वाक्य, जे त्याने जाणूनबुजून अपुरे सोडले.

शनिवारी बर्फाच्या मैदानाभोवतीची बाके खचाखच भरली. आयला गालिच्यावरून चालत आली तेव्हा लोकांना आधी काही समजेना. मग ग्वेनने प्रकार सांगितला आणि हशा उसळला. आयलाचा चेहरा पडला. पण हशा ओसरण्याऐवजी टाळ्यांत मिसळला, लोक उठून उभे राहिले, आणि कॉपर लेकच्या खेळाडूही काठ्यांनी बर्फ बडवू लागल्या. आयलाने ध्वनिवर्धक जो धरला तो अकरा मिनिटे सोडला नाही.

"...आणि एक राहिलंच," ती शेवटी म्हणाली. "माझ्याआधी ती चकती ज्या पोरीने अडवली, तिचा मुखवट्यातला चेहरा मला कधी दिसला नाही. इतक्या जवळून मारलेला फटका होता तो! तो अडला नसता, तर मला कोणी ओळखलंही नसतं. इथे असशील तर उभी राहा गं बाई."

सहाव्या रांगेत नोरीनने ऑर्विलच्या दंडात नखे रुतवली. चकती टाकावी लागणार नाही म्हणून आलेली डेलफीन पुढच्या रांगेत अवघडून बसली होती. तिची मान लाल होत गेली. ऑर्विलने छताकडे पाहिले. चारशे माणसे इकडेतिकडे माना वळवीत होती आणि गालिच्यावर एक बाई वाट पाहत उभी होती.

नोरीन उठली.

"मी नव्हती अडवली," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेला. "ती येऊन आपटली मला. दुखलं फार."

ती खाली बसली. टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

परतताना ऑर्विलने गाडी सुरू केली, आणि गावाचे पहिले वळण यायच्या आत नोरीन बोलू लागली. त्या दिवशी बर्फ किती मऊ होता, फटका कसा आला, चकती दूर दूर जाताना आपण श्वास कसा धरून ठेवला होता, रिकाम्या जाळीपाशी ती क्षणभर थबकल्यासारखी कशी वाटली. गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी ती बोलत होती. ऑर्विलने गाडीचे इंजिन बंद केले नाही. काचेवर वाफ धरू दिली.

"नऊ मिनिटं झाली होती तेव्हा," नोरीन म्हणाली. "मला पक्कं आठवतंय. नऊ."

'सात बेचाळीस' म्हणायला ऑर्विलने तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले, आणि मिटले.

"मग?" त्याने विचारले.