चारशे किलोमीटरवरची मागची खोली

शनिवारी सकाळी ठकीची आई मागच्या खोलीच्या बंद दारासमोर धुतलेला टॉवेल घेऊन उभी होती आणि ठकी तिथून चारशे किलोमीटर लांब होती. म्हणजे होती दारामागेच. पंख्याची घरघर येत होती, चमचा पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुणीतरी स्वतःलाच ‘शहाणीच आहेस’ म्हणाल्याचेही ऐकू आले. पण ठरले होते चारशे किलोमीटर, आणि तेवढ्या लांबच्या मुलीला कुणी टॉवेल नेऊन देत नाही. आई टॉवेल घेऊन माघारी फिरली आणि पुन्हा त्याची घडी घालत बसली.

हे सगळे ठकीच्या शाळेतल्या मार्गदर्शनाच्या बाईंमुळे झाले. मोठ्या वर्गातल्या मुलांना कॉलेजची वाट दाखवायची, सुट्टीत कुठे काय शिकायला मिळते ते शोधून द्यायचे, मुलाखतीत काय बोलायचे आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचे ते शिकवायचे, हे बाईंचे काम. त्यांनी ठकीसाठी उन्हाळ्यातला एक अभ्यासवर्ग हुडकला होता. चारशे किलोमीटरवरच्या एका शहरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात महिनाभर राहायचे, तिथल्या प्रयोगशाळेत लहान लहान पूल बांधायचे आणि मग त्यांवर वजन ठेवत ठेवत ते मोडायचे. पूल हा ठकीचा जीव की प्राण. त्यापायी तिने घरातल्या आइस्क्रीमच्या काड्या, शिवणाचा दोरा आणि वडिलांची दुपारची झोप संपवली होती. तिला प्रवेश मिळाला होता. होकार मात्र सोमवारी कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

घोडे अडले होते आईपाशी. “महिनाभर? हिला सकाळी तीनदा हाक मारावी लागते. तिथं कोण मारणार?” असा तिचा सवाल होता. बाईंना असे पालक नवे नव्हते. घरातच रंगीत तालीम करा, त्या म्हणाल्या. शनिवार-रविवार ती घरात नाहीच असे समजा आणि काय होते ते बघा.

मागची खोली त्यासाठी सोयीची होती. तिला स्वतःची बाथरूम होती, मागच्या जिन्यावर उघडणारे वेगळे दार होते आणि कोपऱ्यात विजेची एक शेगडी होती. आई औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे तिने अटीसुद्धा गोळ्या समजावून सांगाव्यात तशा सांगितल्या. उठायचे आपले आपण. खायचे आपण शिजवून, दोन वेळा. कपडे हाताने, रोजच्या रोज. “आणि एकदा जरी मला हाक मारलीस,” ती शेवटी म्हणाली, “तर उन्हाळा घरी.”

“कबूल,” ठकी म्हणाली. “पण मग तुम्हीही दार वाजवायचं नाही. चारशे किलोमीटरवरून कुणी दार वाजवत नाही.”

वडिलांनी दोघींच्याही बोलण्याला मान डोलावली. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि इतकी वर्षे शिकाऊ लोकांशेजारी बसून त्यांच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. जगात कुठेही काही बिनसले की तो पाय आपोआप जमीन दाबायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा यांचा उजवा पाय दाबलेला आहे, असे आई सांगायची.

तर शनिवारी सकाळी पहिली गोष्ट अशी झाली की वडील उठलेच नाहीत. आई रोज ठकीला तीन हाका मारायची. तिसऱ्या हाकेला ठकी उठो न उठो, वडील उठायचे. आज घरात हाकच नव्हती. ते जागे झाले ते फाटकाशी वाजणाऱ्या हॉर्नने. पहिल्या तासाची शिकाऊ बाई येऊन, बाहेर लावलेल्या गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती. वडील चष्मा शोधू लागले. तो रोज ठकी हुडकून हातात द्यायची, कुठून ते विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. बिनचष्म्याने त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो तोंडाऐवजी शर्टावर रिता केला. कामावरचे बाकीचे दोन शर्ट मळक्या कपड्यांत पडलेले होते. तेव्हा आई म्हणाली, “द्या इकडे. सगळेच मशीनला लावते.”

मशीन ठकी लावायची. आईला वाटे, कपडे आत टाकायचे आणि बटण दाबायचे, त्यात काय मोठे. पण नळावर बसवलेला मशीनचा पाइप कधीचा सैल झालेला होता. ठकी दर वेळी तो दोरीने करकचून आवळायची, गाठ आपली आपण शोधून काढलेली, आणि मगच बटण दाबायची. हे तिने घरात कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. आईने बटण दाबले, वळून दोन पावले टाकली, आणि पाठीमागे पाइप सुटला.

पाणी आले ते असे की आई वळते तोच तिची पावले बुडाली. वडील धावत आले आणि मशीनमागे हात घालून नळ फिरवू लागले. नळाची चकती त्यांच्या हातात आली, नळ जागच्या जागी राहिला. पाणी बोळकांडीत शिरले. घराचा उतार मागच्या खोलीकडे आहे हे इतकी वर्षे राहूनही त्यांना माहीत नव्हते, ते आता कळले. पाणी सरळ ठकीच्या दाराशी गेले आणि फटीखालून आत शिरले. चारशे किलोमीटर त्याने एका दमात पार केले.

आत काहीतरी घसरले, काहीतरी आपटले, आणि मग खणखणीत आवाजात हाक आली.

“आई!”

वडिलांचा उजवा पाय ओल्या फरशीवर जोरात दाबला गेला, सरकला, आणि ते जिथे होते तिथेच बसले. खाली बसल्या बसल्या त्यांनी आईकडे पाहिले. आई दाराकडे पाहत होती. हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता. हेच तर तिला हवे होते. शनिवारची सकाळ सरली नाही तोच हाक आली होती, आता उन्हाळाभर पोरगी घरात राहणार होती. आतून पाय आपटत उठल्याचा आवाज आला, मग बादली ओढल्याचा. पुन्हा हाक आली नाही. आईने हात मागे घेतला.

“तुम्ही काही ऐकलंत?” तिने विचारले.

वडिलांनी तिचा चेहरा नीट निरखला. बिनचष्म्यानेही तो त्यांना वाचता येत होता. “बाहेर हॉर्न वाजतोय,” ते म्हणाले.

“तेच म्हणते मी.”

पाणी मात्र वाहतच होते. वडिलांनी खिशातून फोन काढला. अट तिला आहे, मला नाही, असे ते आईला सांगू लागले, पण आईने विचारलेच नव्हते. दाराआड ठकीचा फोन वाजला.

“हं, बाबा,” ठकीचा आवाज फोनमधूनही आला आणि दारातूनही. “लवकर बोला. इथं जरा गडबड आहे.”

“काही नाही गं. सहज केला. जेवलीस का?”

“सकाळ आहे, बाबा.”

“हो, हो. हवा कशी आहे तिकडे?”

“दमट,” ठकी म्हणाली.

“असं का. इकडे सगळं छान. बरं, घरातलं पाणी कुठून बंद होतं, तुला काही आठवतंय का?”

ओट्याखाली, डब्यांच्या मागे, लाल चाक, उजवीकडे फिरवा, असे उत्तर आले. वडील ओट्याखाली शिरले. पाणी थांबले. फोन ठेवता ठेवता ठकीने आपण होऊन सांगितले की चष्मा फ्रिजवर असतो.

याच मुहूर्तावर आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शेजारच्या गल्लीत राहायची आणि जगात अन्याय नेमका कुठे चालला आहे याचा तिला आधी वास यायचा. तिने ओली फरशी पाहिली, ओला भाऊ पाहिला, आणि ठकी कुठे आहे असे विचारले. वडील नियमाला पक्के. ते म्हणाले, “वसतिगृहात गेली.”

“कधी? काल संध्याकाळी तर मला दिसली. आणि सुट्टीला अजून अवकाश आहे.”

“गेली खरी,” वडील म्हणाले, आणि तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी शिंकले.

आत्याने भावाकडे पाहिले. भाऊ छताकडे पाहू लागला. आई म्हणाली की आत कुणी नाही. हे म्हणायला नको होते, कारण आतले कुणी नाही ते लगेच दुसऱ्यांदा शिंकले. आत्या तरातरा दाराशी गेली, पण दार वाजवायच्या आत आई मध्ये उभी राहिली. दार वाजवायचे नाही, असा नियम आहे, ती म्हणाली. झाले. आत्याच्या डोळ्यांसमोर सगळे चित्र उभे राहिले. पोर पूल शिकायला जाते म्हणते, म्हणून आईबापांनी तिला खोलीत डांबले आहे.

आत ठकी पेचात पडली. ओ द्यावी तर आपण इथे नाही आहोत. न द्यावी तर आत्या शेजारपाजार गोळा करणार. शेवटी आत्याच्या पिशवीत फोन वाजला.

“आत्या, मी ठकी. वसतिगृहातून बोलतेय. मी अगदी मजेत आहे, तू काळजी करू नकोस.”

आत्या फोन कानाला लावून दाराकडे वळली. मग फोन कानापासून दूर धरून तिने ऐकले. आवाज तेवढाच स्वच्छ येत होता. “पोरीला कोंडता ते कोंडता,” ती भावाला म्हणाली, “वर तिला खोटं बोलायला लावता?”

मग सगळी हकिगत सांगावी लागली. आत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि तिने ती दोनदा ऐकून घेतली. ऐकून झाल्यावर तिचा राग गेला, पण तिने रिकामे बसणे शक्य नव्हते. आता पंच मी, असे तिने जाहीर केले. उद्या संध्याकाळी निकाल लावायला येईन, आणि निकाल नियमाप्रमाणेच लागेल.

उरलेली तालीम सुरळीत पार पडली, म्हणजे मागच्या खोलीत पडली. पुढच्या घरात वडिलांनी दुपारी एकदा सहज फोन केला आणि शर्ट कशावर वाळतात ते विचारले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा सहज फोन केला. रविवारी सकाळी खुद्द आईने केला. तीही सहजच म्हणाली, आणि मग गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे ते विचारले. मागच्या खोलीतून कुणाला फोन आला नाही. शेगडीवर काहीतरी करपल्याचा वास आला, मग न करपल्याचा आला. मागच्या जिन्यावर धुतलेले कपडे वाळत पडले, पिळलेले थोडे वाकडे, पण स्वच्छ. आई खिडकीतून ते बघून आली. तिने दोन्ही दिवस सवयीने तिघांचाच स्वयंपाक केला होता. घरात आवाज नव्हता, आणि तो नसल्याचे तिला फार वाईट वाटत होते.

रविवारी संध्याकाळी आत्या वेळेआधीच हजर झाली. मागच्या खोलीचे दार उघडून ठकी बाहेर आली. खांद्याला पिशवी, कोपराला खरचटलेले, त्यावर तिचे तिने लावलेले औषध. ती आल्या आल्या आईच्या गळ्यात पडेल असे वडिलांना वाटले होते, पण ती उंबऱ्याशीच थांबली.

आईने निकाल आधीच ठरवून ठेवला होता. “तू पास आहेस,” ती म्हणाली. “नापास आम्ही दोघं. उद्या बाईंना सांग, येते म्हणून. जायच्या आधी मशीन तेवढं शिकवून जा.”

वडिलांनी टाळी वाजवली. ठकीचा चेहरा मात्र खुलला नाही. तिने पिशवी खाली ठेवली, उचलली, परत ठेवली.

“मी हाक मारली होती,” ती म्हणाली. “काल. पाणी आलं तेव्हा पडले मी, आणि मारली. मोठ्यानं. तुम्हाला ऐकू आली नसेल, पण मारली.”

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. वडिलांचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीत रुतला होता. पंच सावरून बसल्या. आता प्रकरण त्यांच्याकडे आले होते.

“मग बाई,” आत्या जड आवाजात म्हणाली, “नियम म्हणजे नियम. एक हाक म्हटली की एक हाक.”

“ताई, तुम्ही थांबा,” आई म्हणाली. ती उठली आणि ठकीचा कोपर हातात घेऊन बघू लागली, औषध बरोबर लावले आहे का ते. बरोबर लावले होते. “तू होतीस कुठं काल सकाळी?”

ठकी गोंधळली. “मागच्या खोलीत.”

“कुठं?”

ठकीने आईकडे पाहिले, मग आत्याकडे. “चारशे किलोमीटरवर.”

“मग तिथून मारलेली हाक मला कशी ऐकू येईल? ताई, तुम्हीच सांगा, येईल का?”

वडिलांनी टेबलाखालचा पाय हळूच उचलला. आईने चौथे ताट घेतले, त्यात वाढले आणि ठकीपुढे ठेवले. मग शेजारी बसून तिच्या केसांतला साबणाचा सुकलेला फेस नखाने काढत राहिली.

“तिकडे गेलीस तरी मारत जा हं अधूनमधून,” ती म्हणाली. “आलीच ऐकू, तर बघू.”