भागोजींनी सोनटक्का विभागला

श्रावण अर्ध्यावर आला होता. परसातला सोनटक्का माणसाएवढा उंच झाला होता आणि भागोजी त्याच्यापुढे कोयता घेऊन उभे होते.

"अहो, गड्डे काढायचे ते वैशाखात," इंदूबाई म्हणाली. "आता कळ्या धरायला आल्यात."

"तुला काय कळतंय? दाटी झाली म्हणून फुलं कमी येतात. मोबाइलवर बघितलंय मी. गड्डे तोडून वेगळे करायचे, पानं वीतभर ठेवून उडवायची, नि गड्डा अर्धा उघडा ठेवायचा. ऊन लागाया."

इंदूबाईने आभाळाकडे पाहिलं. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता.

"मोबाइलवरचं ते झाड तरी सोनटक्क्याचं हाय का?"

"आयरिस म्हणतात त्याला. थंड देशात असतं. गड्डा तो गड्डा."

जन्मभर कचेरीत बसून लोकांच्या अर्जांत चुका काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर झाडांच्या चुका काढायला लागला, त्याला कोण अडवणार? इंदूबाईचा जीव मात्र टांगणीला लागला. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला विहारातल्या फुलांची पाळी तिची होती. "बाजाराचं एक फूल आणणार न्हाय, टोपलीभर सोनटक्का आणीन," असं ती सगळ्या बायांसमोर बोलून बसली होती.

भागोजींनी कोवळे गड्डे छाटून लावले. मधले जुने गड्डे 'निकामी' ठरवले आणि न छाटताच, दांड्यांसकट न्हाणीमागच्या गटाराकडे भिरकावले. मग सगळ्या वाडीत हिंडून घरोघरचा सोनटक्का उडवला.

"काका, फुलं खरंच वाढतील ना?" शेजारच्या प्रज्ञाने विचारलं.

"दुप्पट."

उघडे गड्डे पावसात कुजले. जगले त्यांना नुसती पानं आली. सोनटक्क्याला फूल दांड्याच्या शेंड्यावर येतं, आणि शेंडे तर या शहाण्याने आधीच उडवले होते. अख्ख्या चौल गावात फुलला असेल, पण या वाडीत एक कळी नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी इंदूबाई रिकामी टोपली घेऊन परसात रडकुंडीला आली. तेवढ्यात वास आला. न्हाणीमागे गेली, तर साबणाच्या पाण्यावर पोसलेले ते निकामी गड्डे पांढरेशुभ्र फुलले होते. तिने फुलं तोडली, तीनतीनदा धुतली आणि विहार गाठलं.

विहारभर घमघमाट सुटला.

"काकू, आमच्याकडं एक फूल न्हाय, तुमच्याकडं कसं?" प्रज्ञाने विचारलं.

इंदूबाईने तोंड उघडायच्या आत भागोजी उठले. "पद्धत एकच, पण निगा लागते. तुमी निगा राखली न्हाय."

इंदूबाईची जीभ वळवळली. पण बुद्धांपुढे ठेवलेली फुलं गटाराकडची, हे भर विहारात कसं सांगायचं? लोकांनी पुढच्या श्रावणात वाडीचा सगळा सोनटक्का भागोजींनीच छाटायचा, असं ठरवून टाकलं.

घरी येताच भागोजींनी कोयता काढला. "इंदू, न्हाणीमागं लय रान माजलंय. उडवून टाकतो."

"जाऊ नका. साप शिरलाय त्यात."

भागोजींनी कोयता तिथेच ठेवला आणि मुकाट ओटीवर जाऊन बसले. इंदूबाईला हायसं वाटलं. चहा घेऊन ती बाहेर आली, तर भागोजी चष्मा लावून मोबाइलवर साप धरायची पद्धत बघत होते.