घोडीचा वाटा

आमच्या वाडीत हाक्याच्या शिकारीत रानडुक्कर पडलं की मटणाचे वाटे घालायची रीत ठरलेली होती. घरटी एक वाटा, रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांना एकेक जास्त, आणि बंदुकीला एक. सगळे वाटे केळीच्या पानांवर मांडून झाले की भागोजीकाका घसा खाकरून विचारायचे, "आनि घोडीचा?"

घोडी म्हणजे बंदुकीच्या नळीखाली लावायचं दोन पायांचं टेकण. काका पलटणीतून परत आलेले. लढाईत डाव्या हाताला लागलं होतं. त्या हाताने कपबशी धरली तरी बशी वाजायची. तेव्हा नळीला टेकण हवं, हे सगळ्यांना पटत होतं. पटत नव्हतं ते एवढंच, की ही घोडी कुणी कधी पाहिलीच नव्हती. डोंगरावर जाताना काकांच्या खांद्याला रायफल आणि खिशात विड्यांचं बंडल. येताना तेच, फक्त विड्या कमी.

"अरे, पन घोडी हाय कुटं?" वाडीचा प्रमुख, गावकार, विचारायचा.

"हाय तितं हाय. वाटा घाल."

वाडीत परवान्याची बंदूक ती एकच, आणि काकांची गोळी कधी फुकट जात नसे. त्यामुळे लोक चरफडत का होईना, वाटा घालायचे. मी त्यांचा शेजारी, तळा गावच्या सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर कायद्यात बसायची सवय, म्हणून मी एकदा काकांना समजावलं, की निर्जीव वस्तूला मटणाचा वाटा मागता येत नाही.

"मंग बंदूक काय जिती हाय?" काका म्हणाले. मी विषय बदलला.

त्यांची बायको, पारूकाकी, उजव्या कानाने ठार बहिरी होती. काकांची बडबड ऐकून तो कान संपावर गेला, असं आम्ही तिच्या तोंडावर म्हणायचो आणि तीही हसायची. ओटीवर खांबाला टेकून ती तांदूळ निवडत बसे. बसताना डावा कान मात्र काकांच्या बाजूला येईल अशी बसे.

पारूकाकी गेली, आणि त्या वर्षी काकांनी घोडीचा वाटा मागणं सोडून दिलं. अर्थात मागायला डुक्करही पडलं नाही, कारण त्याच वर्षी काकांचा नेम चुकायला लागला. आणि आता गंमत बघा. इतकी वर्षं वाटा घेत होते तेव्हा घोडी कुणाला दिसली नाही. वाटा सोडला, आणि घरात घोड्यांची पागा झाली.

पहिली घोडी ऐनाच्या दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे फुटलेल्या फांदीची. दुसरी सुताराकडून करून घेतलेली सागाची. मग बांबूची. मग माणगावच्या सायकलवाल्याच्या भंगारातला एक स्टँड. प्रत्येक घोडी आली की काका ती आधी ओटीच्या खांबाशी धरायचे. खांबावर कोळशाची एक रेघ होती. घोडीची उंची तिथे जुळली पाहिजे. पालथं पडून नेम धरायला वीतभर घोडी पुरते, असं मी सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच पालथा पडल्यासारखा झालो.

उंची जुळली की डोंगराच्या उतारावर जायचं, समोरच्या दगडावर मडकं ठेवायचं, बसून नेम धरायचा. बार व्हायचा. मडकं खुशाल असायचं.

"साग लई ताठ," काका निकाल द्यायचे. "बांबू उडतो. सायकल वाजती, डुकराला आदीच वर्दी."

शेवटी मीच मनावर घेतलं. किहीमला बंगला असलेल्या एका शेटजींची ओळख होती. त्यांच्याकडे विलायती घोडी होती, पोलादी, पाय लांब-आखूड होणारी, तळव्यांना रबर. एस.टी.त मांडीवर घेऊन मी ती आणली. काकांनी तिचे पाय पुन्हा पुन्हा आत-बाहेर केले. उताराला धरून एक पाय आखूड घेतला, एक लांब. घोडी डोंगराला चिकटून उभी राहिली. मला वाटलं, सुटलो.

मडकं खुशाल.

"पाय झ्याक हायेत," काका म्हणाले, "पन पायांना समज न्हाय."

"समज म्हणजे काय हो?"

"आपुन दम धरला की तिनंबी धराया पायजे."

"अशी घोडी विलायतेतसुद्धा मिळायची नाही."

"त्येच तर," काका म्हणाले आणि विडी शोधायला लागले.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर गावकार येऊन बसला. डुकरांनी नाचणी उलथली होती, वरी उलथली होती. तो म्हणाला, "काका, राग मानू नका. येत्या हाक्याला चुकलं, तर खिंडीतली नेम धरायची जागा आता तळा गावच्या ठेकेदाराच्या बंदुकीला."

"बरं," काका म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी आधीच स्वच्छ असलेली रायफल पुन्हा पुसायला घेतली. मला फार वाईट वाटलं. त्या खिंडीतल्या जागेशिवाय त्या माणसाकडे आता उरलं काय होतं?

हाक्याच्या आदल्या दिवशी मी शेटजींची घोडी परत न्यायला गेलो. काका ती कापडात गुंडाळत होते, म्हणून ओटीवर खांबाला टेकून बसलो.

"हलू नको," काका एकदम म्हणाले.

मला वाटलं, पाठीशी साप आहे. मी थिजलो. काका मागे येऊन बसले आणि रिकाम्या रायफलीची नळी त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली. बशी वाजवणारा तो डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर होता, आणि हलत नव्हता. मागे काकांनी दम धरला. का कोण जाणे, मीही धरला.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कोळशाची रेघ बरोबर माझ्या खांद्याशी होती. त्या खांबाला टेकून कोण बसायचं, ते मला तेव्हा आठवलं.

"काकी?" मी विचारलं.

काकांनी नळी खाली घेतली. "हाक्याच्या दिशी डोंगरावं बाईमानूस दिसलं तर हाका मोडत्यात. म्हून ती लाकडाचं निमित करून पयलीच मागल्या वाटंनं चढायची. खिंडीत माज्याम्होरं बसायची. कानात बोळा घाल म्हनलं, तर म्हनं, मंग डुक्कर आलेलं तुमाला सांगंल कोन?" ते बराच वेळ नळीवरून फडकं फिरवत राहिले. "कान गेला तिचा. कंदी बोलली न्हाय. येक वाटा मागला मी तिच्यासाटी, तं सारी वाडी हसली."

मी म्हणालो, "उद्या मी येतो."

काकांनी विलायती घोडीला पाहिलं होतं तसंच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"समज हाय काय तुला?"

"कचेरीत नोकरी करतो."

"मंग न्हायच," काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या कानात कापूस त्यांनी स्वतः कोंबला.

हाकाऱ्यांचे डबे खालून वाजत वर आले. करवंदीच्या जाळीतून डुक्कर खिंडीत शिरलं. काकांनी दम धरला, मी दम धरला. एकच बार झाला.

संध्याकाळी वाटे पडले. केळीची पानं मांडून झाली आणि काकांनी घसा खाकरला. "आनि घोडीचा?"

"झालं सुरू!" गावकार म्हणाला, पण वाटा घातला.

काका ते पान घेऊन घरी आले. मी मागोमाग. ओटीवर बसून त्यांनी मटणाचे दोन भाग केले. एक खांबाच्या बुडाशी ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे सरकवला.

"तुजा अर्दा," ते म्हणाले. "तुज्या कानात कापूस व्हता."

मग काका पारूकाकीबद्दल बोलायला लागले. माझा उजवा कान अजून गुणगुणत होता. मी जरा वळलो आणि डावा कान त्यांच्या बाजूला करून बसलो.