बाजेवर पोहणारे गुरुजी

पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला मी पोहण्याचं पुस्तक भेट दिलं.

परिणाम असा झाला, की गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव बुडालेल्यांसाठी वसवलेल्या आमच्या वस्तीत रोज सकाळी एक निवृत्त मास्तर अंगणातल्या बाजेवर पालथे पडून हातपाय मारू लागले. समोर स्टुलावर उघडं पुस्तक, पान उडू नये म्हणून त्यावर पितळी लोटा. श्वास घ्यायला मान वळवली की कुंपणापलीकडे मी दिसायचो.

"बरोबर होऊन राहिलं का जी?"

"एकदम बरोबर!" मी म्हणायचो. मी स्वतः जन्मात बादलीपलीकडच्या पाण्याशी संबंध ठेवलेला नाही.

हे आमचे शेजारी रामटेके गुरुजी. घराणं छप्पन सालापासून बौद्ध, आणि गुरुजींचं पालुपद एकच: "पाहिल्याबिगर मानत नाही." पाऊस आला म्हणून मी ओरडलो, तरी आधी खिडकीतून हात बाहेर काढणार, ओला झालेला बघणार, मग वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला धावणार. तोवर मिरच्या गेलेल्या.

अडचण पिंपळाची होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, की जुन्या गावाच्या जागी एक वाळलेला पिंपळ वर येतो. लोक म्हणायचे, हा गुरुजींच्याच अंगणातला, त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी लावलेला. सुमनबाई गाव उठायच्या आधीच गेल्या. गुरुजी म्हणत, "असंल. पन हात लावल्याबिगर मानत नाही." आणि हात लावायचा तर नावेतून जायला हवं. नाव हलली की गुरुजी घाबरून उभे राहत. दोनदा नाव पलटता पलटता वाचली, तेव्हा नावाड्यानं साफ सांगितलं: "आधी पोहणं शिका, मंग या."

शिकवायला शेवटी रोझम्मा सिस्टर पुढे आल्या. मूळच्या केरळच्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. उभी नोकरी भंडाऱ्याकडे झाली, पण त्यांची मराठी अजून हिंदीच्या खांद्यावर हात ठेवूनच चालते. त्यांनी पुस्तक पाहिलं, मिटलं आणि माझ्या हातात दिलं. मग पदर खोचून गुरुजींना वस्तीमागच्या बोडीवर, म्हणजे आमच्या लहान तळ्यावर नेलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं.

"पाणी माणसाला वर धरतं. मानता?"

"मानतो. जिंदगीभर पोराइले थेच शिकवलं."

"तो फिर अंग सोडा."

"थे नाही होत जी."

"गुरुजी, देव आहे असं तर सैतान पण मानतो. त्याचा काय फायदा झाला? मानणं अलग, विश्वास अलग. विश्वास म्हणजे अंग सोडून देणं."

गुरुजी थरथरत होते, पण वाद कसला सोडतात! "आमच्यात असं डोळे मिटून अंग सोडनं नाही, सिस्टर. बुद्धानं सांगतलं, मी म्हनतो म्हून मानू नका. आमची श्रद्धा वैद्यावरच्या भरोशासारखी. औषध घेऊन पाहाचं. गुण आला का नाही, आपलं आपल्याले समजते."

"मग घ्या ना औषध! तुम्ही तर नुसतं बाटलीवरचं वाचून राहिले!"

मदत व्हावी म्हणून मी काठावरून पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायला घेतलं. दोन्ही धर्मांचं पहिल्यांदा एकमत झालं: "तुमी चूप बसा!"

उन्हाळाभर हे चाललं. नाकातोंडात पाणी जायचं, खोकला एवढा की बोडीतल्या म्हशी उठून जायच्या. दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा हजर. एका सकाळी सिस्टरांनी त्यांच्या डोक्याखालचा हात हळूच काढून घेतला. गुरुजी आभाळाकडे तोंड करून तसेच पडून राहिले.

"हा तुमचा विश्वास नोहे हं," आडव्यानंच बोलले. "अनुभव हाय."

"नाव काही पण द्या. पाय हलवा."

मग गुरुजी, सिस्टर आणि मी नावेतून निघालो. गुरुजी अगदी शांत बसले होते. नावेची कड दोन्ही हातांनी मी धरली होती. पिंपळ जवळ आला. काळा, बोडका, अर्धं खोड पाण्यात. गुरुजींनी त्यावर हात ठेवला.

"झालं! आता तरी मानलं?" मी म्हणालो.

"पिंपळ तं सगळ्याच गावात असते. सुमननं कपडे वाळवाले तार बांधली होती. थे खाली असंल." एवढं बोलून त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि सरळ पाण्यात उतरले.

डोकं पाण्याखाली गेलं. सिस्टरांचे ओठ हलू लागले. नावाडी बिडी टाकून उभा राहिला. गुरुजी वर आले तेव्हा एक हात पाण्यातच होता.

"हाय. खोडात रुतून बसली."

"या मंग वरती," नावाडी म्हणाला.

"थांब गा. थोडं राहू दे."

तार न सोडता ते उताणे झाले, डोळे मिटले आणि पाण्यावर पडून राहिले. खाली त्यांचं अंगण होतं. बऱ्याच वेळानं, आम्ही तिथे नसल्यासारखं, म्हणाले, "सुमन, आता येथं काही वाळत नाही वं."

मला एकदम भरून आलं. चष्मा छातीशी धरून मी कडेवर वाकलो आणि रडू लागलो. नाव कलली.

सिस्टरांनी मला कॉलरला धरून मागे ओढलं.

"बाबूजी, रडायचं तर मधे बसून रडा. तुमच्यासाठी मी उडी मारणार नाही."