लिमयेकाकांच्या त्रेपन्न बिया

लिमयेकाका रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडे आंघोळीला यायचे.

हे ऐकून प्रत्येक जण विचारतो, "का, त्यांच्याकडे पाणी नव्हतं?" पाणी होतं. गीझरही होता. कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं आहेत, एक आमचं आणि एक त्यांचं, आणि नळाचं पाणी दोघांनाही सारखंच येतं. पण काकांनी स्वतःच्या बाथरूममध्ये रोपं ठेवली होती. बी टाकून उगवलेली, नखाएवढी. त्यांना दमट हवा लागते म्हणे, आणि साबणाचे शिंतोडे अजिबात चालत नाहीत. रोपांना बाथरूम हवी, म्हणून काकांना आमची. खांद्यावर पंचा, हातात स्वतःची बादली, कारण आमची बादली त्यांना पसंत नव्हती, असा हा एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ बेल वाजवायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

वेळ तर बघा. मला खराडीला ऑफिस. कंपनीची बस पुलाजवळ सात पन्नासला येते आणि माझ्यासाठी कोणी ती थांबवून धरत नाही. आत काका सावकाश कसलंसं स्तोत्र म्हणतायत, बाहेर माझा नवरा शिरीष गालाला फेस लावून उभा, आणि मी टॉवेल घेऊन त्याच्यावर ओरडतेय, कारण काकांवर ओरडता येत नाही. शिरीष म्हणायचा, "म्हातारा माणूस आहे गं." मी म्हणायची, "म्हातारा आहे, बेघर नाही."

बाहेर आल्यावर आभार वगैरे भानगड नाही. पंचा पिळत म्हणायचे, "मंजिरीबाई, आपला गीझर पाणी नुसतं कोमट करतो. नो-गो. दाखवून घ्या."

हे 'नो-गो' जरा सांगायला हवं. काकांची सगळी नोकरी एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली. तिथे गेज म्हणून मोजायचं एक साधन असतं. त्याचं एक टोक 'गो' आणि दुसरं 'नो-गो'. वस्तू एका टोकात गेली पाहिजे आणि दुसऱ्यात अडली पाहिजे, तरच पास. काका निवृत्त झाले तेव्हा गेज कारखान्यात राहिलं आणि खोड घरी आली. माझे पोहे नो-गो. महापालिकेने गल्लीत बसवलेले ब्लॉक नो-गो. माझ्या नणंदेला बघायला आलेली मंडळी जिन्यात भेटली, तर त्या मुलाच्या वडिलांसमोर हे म्हणाले, "चिरंजीव चप्पल जोडीने काढत नाहीत. नो-गो." ते स्थळ पुढे गेलंच नाही, आणि नणंद आजतागायत मलाच बोलते, जणू काका मी माहेराहून आणलेत.

एवढा माणूस कशापुढे नमत असेल तर त्या रोपांपुढे. मोठं झाड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दारातूनच म्हटलं, "अय्या, हे तर अळू. फदफदं होईल का हो याचं?" काका दोन दिवस आंघोळीला आले नाहीत. ते माझ्या आयुष्यातले फार सुंदर दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी आले आणि बादली खाली ठेवून म्हणाले, "कूळ आपण बरोबर ओळखलंत. अळू, सुरण आणि हे, सगळे एकाच कुळातले. पण उद्या आपल्याला कोणी चुलतसासऱ्यांवरून ओळखलं तर चालेल का?"

झाड अँथुरियमचं. लग्नाच्या स्टेजवर लाल प्लास्टिकसारखी फुलं असतात तसलं नव्हे. याची पानं ताटाएवढी, काळपट हिरवी, मखमली, त्यावर पांढऱ्या शिरा. फूल म्हणाल तर उंदराच्या शेपटीएवढा एक दांडा. हा दांडा आधी मादी असतो, ओला चिकट होतो. तो सुकल्यावर काही दिवसांनी नर होतो आणि पराग सोडतो. म्हणजे एकाच फुलाचं स्वतःशी कधी जुळत नाही. ("काही घरांत असंच असतं," इति काका, आमच्या दोघांकडे बघत.) म्हणून एका झाडाचे पराग ब्रशने झाडून जपून ठेवायचे आणि दुसऱ्याचा दांडा ओला झाला की त्याला लावायचे. जपून कुठे ठेवायचे? आमच्या फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी, बटर पेपरच्या पुडीत. पुडीवर लाल अक्षरांत 'खाऊ नये'.

ज्या झाडाचे ते पराग होते ते गेल्या मे महिन्यात उन्हाने गेलं. राहिली ती पुडी. जूनमध्ये दुसऱ्या झाडाचा दांडा ओला झाला आणि काकांनी सगळी पुडी त्याला लावली. पुढे सहा-सात महिने तो दांडा हळूहळू जाड होत गेला, आणि काकांनी त्याला पायातला जुना नायलॉनचा मोजा चढवला, फळं पिकून सुटली की आत पडावीत म्हणून.

आता या दांड्यात एका माणसाचं घर अडकलं होतं, म्हणून हे सगळं सांगतेय. काकांचा मुलगा अमेय कॅनडात. वाईट मुलगा नाही. काकू गेल्यानंतर एकदा काका रोपांना पाणी फवारताना ओल्या फरशीवर पडले आणि तासभर तसेच पडून होते, तेव्हापासून त्याने धसका घेतला. भोरच्या बाजूला त्याने ज्येष्ठांसाठी एक निवास शोधला होता. दर रविवारी संध्याकाळी तो व्हिडिओ कॉलवर तेच सांगायचा. शेवटी काकांनी शब्द दिला, आमच्या समोर, आमच्याच सोफ्यावर बसून. "या दांड्याचं बी रुजलं तर त्या रोपांना फूल येईपर्यंत मी हलणार नाही. तीन वर्षं लागतात. नाही रुजलं, तर तू म्हणशील तिथे येतो. पुन्हा विषय नाही."

अमेयने मला वेगळा फोन केला. "मंजिरीताई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." मी म्हटलं, सांगते. खरं सांगू, मला आनंद झाला होता. सात दहाला बेल वाजणार नाही, या कल्पनेने मी त्या दिवशी शिरा केला.

फळं पिकायला आली आणि नेमका काकांचा हर्निया बळावला. डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही. शिरीषने रजा घेतली आणि त्यांच्यासोबत हॉस्पिटलमध्ये राहिला. जाताना काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एक कागद दिला. अकरा सूचना, छापल्यासारख्या अक्षरात. "एक शब्दही गाळू नका," म्हणाले. मी म्हटलं, "काका, मला वाचता येतं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, त्यांचं दार उघडलं. मोज्यात फळं पडली होती, मोत्याएवढी, जांभळट. सूचना क्रमांक अकरा: फळं पडल्यास गर काढून बी स्वच्छ धुणे. पाणी घ्यायला मी बाथरूमचं दार उघडलं.

बाथरूम रिकामी होती.

एक रोप नाही, डबा नाही, काही नाही. फरशी कोरडी. साबणदाणीत नवाकोरा साबण. मी गीझर लावून पाहिला, दहा मिनिटांत हात भाजेल असं पाणी. रोपांचे डबे कुठे, तर बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली रांगेने. आणि हा माणूस तपासणी खात्यातला, त्यामुळे कपाटावर चिठ्ठी: 'बाथरूममध्ये बुरशी. सर्व डबे येथे हलवले. गुढीपाडवा.'

पाडवा. हा जानेवारी चालला होता. म्हणजे नऊ महिने हा गृहस्थ स्वतःची धडधाकट बाथरूम सोडून माझ्या बोडक्यावर येऊन बसला होता. नऊ महिने मी केस ओले घेऊन पुलापर्यंत धावले होते. किती बस चुकल्या, किती वेळा मॅनेजरचं तोंड पाहिलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की शिरीषला फोन लावला आणि तो हॉस्पिटलमध्ये आहे हे विसरून वाटेल ते बोलले. तो म्हणाला, "नंतर बोलू, काकांना आत्ताच शुद्ध आलीये." मी म्हटलं, "आली ना? मग विचार त्यांना."

त्याच तिरीमिरीत मी फळं चोळली, गर काढला, बिया धुतल्या. त्रेपन्न भरल्या. मग माझ्या आईने, आजीने, भोपळ्यापासून कारल्यापर्यंत प्रत्येक बीचं केलं तेच केलं. देवापुढची उदबत्तीची राख चोळली, वर्तमानपत्रावर पसरल्या आणि खिडकीत उन्हाला ठेवल्या. राग असला तरी काम चोख, असं मनाशी म्हटलंसुद्धा. दोन दिवसांत बिया खडखडीत वाळल्या. गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्या आणि काकांना काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत बसले.

रविवारी दुपारी शिरीषने त्यांना धरून वर आणलं. तीन जिने चढून माणूस पांढरा पडला होता. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, "फळं?"

मी बाटली दिली. त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली. आत बिया वाजल्या.

"कागदाची मागची बाजू पाहिली नाहीत," ते म्हणाले.

मी कागद शोधला. अकराव्या सूचनेखाली बारीक अक्षरात 'मागे पाहा' होतं. मागे एकच ओळ होती. बी सुकू देऊ नये, सुकल्यास मरते, त्वरित ओल्या शेवाळात ठेवणे.

"ही राख कसली?"

"उदबत्तीची."

"हं."

मी वाट पाहत राहिले. हा माणूस पोह्यात लिंबू कमी म्हणून पंधरा मिनिटं बोलायचा. आता मात्र बाटली मुठीत धरून खिडकीबाहेर बघत होता. मला ते सहन होईना. "काका, बोला की काहीतरी. रागवा."

"आपल्यावर काय रागवायचं? सूचना एका बाजूला मावली पाहिजे. यासाठी मी कारखान्यात लोकांना मेमो दिलेत." मग म्हणाले, "आज रविवार. संध्याकाळी अमेयला सांगून टाकतो. शब्द दिलाय."

मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी भांडते. म्हटलं, "तुमची बाथरूम रिकामी आहे. पाडव्यापासून."

"हो."

"मग का येत होतात?"

काकांनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "इकडे सकाळी कसलाच आवाज नसतो. आपल्याकडे दोघांची भांडणं चालू असतात. ऐकायला बरं वाटतं."

शिरीष चहा ठेवायचं निमित्त करून आत गेला. मी मात्र तिथेच उभी राहिले, आणि इतका राग आला मला. काकांचा, माझा, त्या उदबत्तीचा, सगळ्यांचाच.

संध्याकाळी कॉल आला. फोन टेबलावर टेकवून काका सरळ बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. अमेय बरा दिसत होता. ऑपरेशनचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाला, "बाबा, खोलीचे फोटो पाठवलेत. पूर्वेची खिडकी आहे. तुम्हाला आवडेल." काका म्हणाले, "पाहतो." अमेयने विचारलं, "आणि ते बियांचं काय झालं?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, जन्मात आलेलं नाही. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि फोन हातात घेतला.

"आल्या," मी म्हटलं. "रुजल्या. त्रेपन्नच्या त्रेपन्न. डबा आमच्या घरी ठेवलाय, आमच्याकडे हवा दमट आहे. आता तीन वर्षं त्यांना हलवता येणार नाही. आणि काकांकडे आम्ही बघतोय, तू ती खोली नको म्हणून कळवून टाक."

अमेयने मला स्क्रीनवरून निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बरं, ताई." कॉल संपला.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला.

"त्रेपन्नच्या त्रेपन्न कधी येत नाहीत," ते म्हणाले. "तो माझा मुलगा आहे, त्याला कळतं. पुढच्या वेळी एकेचाळीस म्हणा."

"एकेचाळीस," मी म्हटलं. "बरं."